हाकलू नका तिला, दावं तिच्या हातात द्या

आरे कॉलनीतून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. सगळं छापणं शक्य नाही, म्हणून गोषवारा देते. सासऱ्यांच्या वेळेपासून त्यांचा तबेला आहे, तीसेक म्हशींचा. ताईंचं माहेर अकोले तालुक्यात. गेल्या वर्षी भावानं माहेरची आठवण म्हणून एक डांगी गाय धाडली, पोटाशी दोन महिन्यांची कालवड होती. ती कालवड आता सतरा महिन्यांची झालीय आणि गाय पुन्हा विऊन तिचा गोऱ्हा तीन महिन्यांचा आहे. ताईंच्या मनात आहे, यंदाच्या हिवाळ्यात राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात कालवड उतरवायची, जमलं तर गोऱ्हाही न्यायचा. पण यजमानांचे गुडघे गेलेत, मुलगा नोकरीपायी ठाण्याला, आणि तबेल्यातली माणसं मध्यरात्रीच दुधाला उठतात, त्यांच्यात जीव उरत नाही. त्या लिहितात, "कॉलेजची मुलं बोलावून पाहिली. दोन रविवार आली, वासराबरोबर फोटो काढले आणि पुन्हा फिरकली नाहीत. तयारी कशी करायची ते सांगा, आणि त्याआधी हाताखाली पोरं कुठून आणायची ते सांगा." तिसऱ्या पानावर, पाण्याच्या तक्रारीनंतर, एक ओळ आहे: "पाड्यावरची एक दहावीतली पोरगी रोज शाळा सुटली की येऊन कालवडीचा गळा खाजवत बसते, कामाची काही नाही, हाकलली तरी परत येते."

ताई, मी ती ओळ तीनदा वाचली. तुम्ही ज्याला शोधताय ते माणूस तुमच्या तबेल्यात रोज येऊन बसतंय.

राग मानू नका, पण "गळा खाजवत बसते, कामाची नाही" यात तुमचा हिशेब चुकलाय. चाळीस वर्षं जनावरांत काढल्यावर ठामपणे सांगते, प्रदर्शनाच्या तयारीतलं सगळ्यात अवघड काम तेच आहे आणि ते त्या पोरीनं फुकटात करून ठेवलंय. मानेखालची पोळी, म्हणजे तिथली लोंबती कातडी, ही गाईला स्वतःला चाटता न येणारी जागा. तिथे हात लावू दिला, मान लांब करून डोळे मिटले, म्हणजे त्या कालवडीनं त्या पोरीला आपलं मानलं. आता फक्त मोरकी, म्हणजे तोंडावर चढवायची दोरी, आणि दावं त्या ओळखीत आणायचं आहे.

तुमच्या तबेल्यातल्या माणसांकडून हे होणार नाही, यात त्यांचा दोष नाही. आरे वसली १९४९ साली, शहरात विखुरलेले तबेले एका जागी आणायला. तेव्हापासून आजतागायत मुंबईचा तबेला म्हणजे दूध. म्हैस दुभती आणायची, आटली की पाठवायची. रेडकू, वासरू वाढवणं हा इथला धंदाच नाही. दूध काढण्यात ज्यांचा हात धरणारं कोणी नाही, त्यांना दीड वर्षाच्या कालवडीला चालायला शिकवायची वेळ कधी आलेलीच नसते. वाढवायची सवय पाड्यांवर आहे. तिथल्या घरांत आजही चार कोंबड्या, दोन बकऱ्या असतात आणि पोरांना जनावराच्या अंगावर हात कसा टाकायचा ते शिकवावं लागत नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. उद्या चहा घेऊन पोरीच्या आईकडे जा. पोरीला नको, आईला विचारा. दहावीचं वर्ष आहे, आईच्या पोटात भीती असणार. रोज पाऊण तास, त्याच्यावर नाही. चाचणीच्या आठवड्यात सुट्टी. प्रदर्शन हिवाळ्यात आहे, बोर्डाची परीक्षा त्याच्यानंतर, हे नीट समजावून सांगा. आईवडिलांची परवानगी लिहून घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं हा गुन्हा आहे, म्हणून त्यापेक्षा लहान भावंडं मागे मागे आली तर त्यांना बघू द्या, काम देऊ नका. आणि अंधार पडायच्या आत तिला घरी पोचवा, तुमचा माणूस सोबत देऊन. आरेतला बिबट्या तुम्हाला मी काय सांगणार! वासराच्या वासावर तो तबेल्याच्या कुंपणापर्यंत येतो. तिन्हीसांजेला एकटी पोर त्या वाटेवर नको.

तिला काय द्याल? पैसे द्या, ठरवून, महिन्याच्या महिन्याला. "आवडीनं करते ना" म्हणून फुकट राबवू नका. पण पैशाच्या आधी तिला कालवड द्या. म्हणजे कालवडीचं नाव तिनं ठेवायचं, वजनाची वही तिनं लिहायची, खुराक तिच्या हातून जायचा. तुमची कॉलेजची मुलं का टिकली नाहीत? तुम्ही त्यांना शेण भरायला लावलंत, असं तुमच्याच पत्रात आहे. शेण भरणं वाईट नाही, मीही भरलंय. पण ज्याला नुसतं शेण मिळतं तो दोन रविवारांत जातो. ज्याला वासरू मिळतं तो शेणही भरतो, न सांगता.

मात्र एकच माणूस ठेवू नका. पोरीला ताप आला तर? कालवडीला दुसऱ्या एकाची सवय हवीच. आणि गोऱ्ह्याला तर स्वतंत्र, अंगानं दणकट मुलगा हवा. आज तो मांजरासारखा आहे, डिसेंबरात आठ महिन्यांचा होईल तेव्हा त्याच्या मानेत तुमच्या यजमानांना ओढून नेण्याइतकं बळ असेल. दहावीच्या पोरीच्या हातात त्याला देऊ नका. यासाठी तुमच्या दारातच दोन जागा आहेत. आमचं परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, त्याचा एक परिसर गोरेगावात, तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं पुस्तकात गाईचे सगळे स्नायू पाठ करतात, पण त्यांतली निम्मी शहरातली, दावं धरायला घाबरणारी. त्यांना जनावर हाताळायला हवंय आणि तुम्हाला हात हवेत. पशुउत्पादन विभागात जाऊन प्राध्यापकांना भेटा, नोटीस लावायला सांगू नका. नोटीस कोणी वाचत नाही, सरांनी नाव घेऊन सांगितलं की मुलगा येतो.

दुसरी जागा म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. गोरेगाव-जोगेश्वरी-मालाडच्या बहुतेक कॉलेजांत तिचं पथक असतं. त्या मुलांना वर्षाला १२० तास सेवाकार्य करावं लागतं, दोन वर्षांत २४०. कार्यक्रम अधिकाऱ्यांना पत्र द्या, काम नेमकं लिहा: अमुक वार, अमुक वेळ, दोनच मुलं, पाच महिने. "कितीही येऊ देत" असं लिहिलंत तर वीस येतील आणि एकही टिकणार नाही.

आता कालवडीकडे वळू.

आधी लसी आणि टॅग. कानातला बारा अंकी टॅग असेलच, नसेल तर आजच पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. महाराष्ट्रात २०२४ पासून टॅगशिवाय जनावराची वाहतूक करता येत नाही. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पी, या चारही लसींच्या तारखा वहीत हव्यात, आणि शेवटची लस प्रदर्शनाला निघण्याच्या किमान चार आठवडे आधी झालेली हवी, कारण लस टोचली त्या दिवशी प्रतिकारशक्ती येत नाही. २०२२च्या सप्टेंबरात लम्पीपायी राज्यातले जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते, तो काळ मी विसरलेले नाही. शेण तपासून जंताचं औषध द्या. आरेतल्या ओल्या गवतावर वाढलेल्या वासरात जंत नसतील तर मला नवल वाटेल.

वजनकाटा लागत नाही. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजा. मग खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बाहेर आलेल्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत येतं. घेर ५० आणि लांबी ४५ असेल तर १७० किलो. महिन्यातून एकदा, सकाळी चाऱ्याच्या आधी, त्याच माणसानं मोजायचं. दहावीच्या पोरीला गणिताचा एवढा चांगला सराव दुसरा मिळायचा नाही.

खाण्याबद्दल हात जोडून एकच सांगते, तिला फुगवू नका. प्रदर्शन म्हटलं की लोक सरकी पेंडेचं पोतं उघडतात. या वयात चरबी चढली की ती कासेतही बसते, दुधाच्या ग्रंथींची जागा खाते आणि पुढे जन्मभर दूध कमी. परीक्षकाला फासळ्यांवर हात फिरवताना फासळी बोटाला लागायला हवी, डोळ्याला दिसायला नको. १७० किलोच्या कालवडीला दहा किलोच्या आसपास हिरवा चारा, दोन किलो कडबा, सव्वा किलो खुराक, पंचवीस-तीस ग्रॅम खनिज मिश्रण, आणि चाटायला मीठ, एवढं पुरतं. तुमच्याकडे पॅरा गवत मुबलक, पण पावसाळ्यात त्यात नुसतं पाणी असतं. तोडून थोडं सुकू द्या आणि कडबा बंद करू नका. बदल करायचा तो आठ-दहा दिवसांत, हळूहळू.

मग दावं. वेसण घालायचा विचार सध्या सोडा, मऊ सुती मोरकी पुरे. पहिला आठवडा मोरकी घालून दहा-पंधरा मिनिटं खांबाला बांधायचं, तिच्या डोळ्याच्या उंचीवर, आखूड, पाय अडकणार नाही इतपत. गाठ अशी की मोकळं टोक ओढलं की क्षणात सुटेल. तिला तशी बांधून कोणी आत चहाला जायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात चालणं. पोरीनं तिच्या डाव्या बाजूला, खांद्यापाशी उभं राहायचं. समोर उभं राहून ओढलं तर कालवड मागे जोर लावते, तो तिचा स्वभाव आहे. दावं जरा ताणायचं आणि तिनं अर्धं पाऊल टाकलं की त्याच क्षणी सैल सोडायचं. ते सैल होणं हेच तिचं बक्षीस, गूळ नव्हे. मी एका मुलीला हे शिकवत होते. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटांत कालवड चार पावलं चालली. मुलगी रडकुंडीला आली, कपाळ तिच्या खांद्याला टेकवून उभी राहिली, हातातलं दावं लोंबत होतं. कालवडीनं मान वळवून तिच्या फ्रॉकची बाही चाटली आणि आपणहून पुढे निघाली. त्या मुलीला मला पुढे काहीच शिकवावं लागलं नाही.

आणि दावं हाताला कधीही गुंडाळायचं नाही. कधीही नाही. घड्या घालून मुठीत धरायचं. हे मी एक प्रसंग पाहून सांगतेय. फार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात आम्ही एक देखणी कालवड नेली होती. एका कॉलेजच्या मुलानं चार महिने तिला तयार केलं होतं. रिंगणात जायच्या वेळी पाहुणे आलेले पाहून मालकांना वाटलं, दावं आपल्या हातात हवं. मी तिथे होते, मला "नको" म्हणता आलं असतं, मी म्हटलं नाही. कालवड आत गेली, मान वळवून त्या मुलाला शोधू लागली, तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. मालकांनी दावं मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतं. दहा-बारा पावलं ते फरफटत गेले आणि मनगटाचं हाड मोडलं. कालवड बाद झाली. त्या मुलाचा चेहरा मला आजही दिसतो. ताई, पाहुणे कोणीही येवोत, रिंगणात पोरगीच जाईल, हे आजच घरात ठरवून टाका.

चालणं जमलं की उभं राहणं. चार पाय चौरस, पाठ सरळ, मान वर, दोन मिनिटं. डांगीचं बघताना परीक्षक तिची तेलकट तुकतुकीत कातडी बघतात, सह्याद्रीच्या पावसात तीच तिची छत्री आहे. खूर काळे, टणक आहेत का बघतात. तोंड उघडून दात मोजतात. तुमची कालवड तेव्हाही आदतच असेल, कारण दुधाचे दात पडून पहिली जोडी यायला दोन-अडीच वर्षं लागतात. म्हणून रोज कोणीतरी तिचा ओठ उचलायचा, शेपूट धरायची, कासेच्या जागी हात फिरवायचा, पाय उचलायचा. आधी पोरीनं, मग अनोळखी माणसानं. खरारा रोज, मानेकडून मागे. आंघोळ पावसाळ्यात उन्हाचा दिवस बघूनच, आणि साबण लावून धुणं फक्त आदल्या दिवशी. नाही तर ते अंगचं तेलच निघून जाईल. खुरं तासायची तर महिनाभर आधी, कारण जास्त तासली गेली तर लंगडायची भीती. शिंगं तासू नका, रंगवू नका. ऑइलपेंट तर नकोच.

गर्दीची सवय मुंबईइतकी कुठे होणार! पोळ्याला गळ्यात घुंगरू, अंगावर झूल घालून फिरवा. मग गणपतीत ढोलताशा लांबून ऐकू येऊ द्या, तिला चारा खाताना. आणि वसुबारसेला तर आसपासच्या सोसायट्यांतल्या बायका गाय-वासरू शोधत फिरत असतात. बोलवा त्यांना. निरांजनाची ज्योत, साड्यांची सळसळ, मोबाईलचे फ्लॅश, कपाळाला हळदकुंकू लावायला येणारे पन्नास हात, ही राजूरची रंगीत तालीमच आहे. फक्त दारात एक पाटी लावा की नैवेद्य टोपलीत ठेवावा. पुरणपोळ्या, भिजवलेले गहू, भात, गूळ भरभरून पोटात गेला की आम्लता होऊन जनावर आडवं होतं. दिवाळीच्या दिवसांत अशा गाई मी खूप पाहिल्यात, सगळ्या वाचल्या नाहीत.

पोरांची काळजी घ्या. आरेतला पावसाळा म्हणजे चिखल, आणि चिखलात उंदरांचं नि गुरांचं मूत, म्हणजे लेप्टो. गमबूट तुम्ही आणून द्या, पायाला जखम असेल त्या दिवशी सुट्टी, आणि ताप आला तर डॉक्टरांना "मी गोठ्यात काम करते" हे आधी सांगायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं हवं. वासराच्या तोंडावर गोल खरबरीत चट्टा दिसला तर तो नायटा, हाताला लागतो. बरा होईपर्यंत हातमोजे.

निघायच्या वेळी पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला, टॅगची नोंद, तुमचा गुरं पाळायचा परवाना, सगळं एका फाइलमध्ये, ड्रायव्हरकडे नको, तुमच्याकडे. नियमानं एका गाईला दोन चौरस मीटर जागा लागते. टेम्पोच्या तळाला वाळू आणि वर भाताचा पेंढा टाका, नाही तर कसारा घाटात घसरेल. घोटीवरून बारीमार्गे राजूर, रात्रीच्या गारव्यात, आणि एक दिवस आधी पोचा. चारा घरचा न्या. परक्या ठिकाणचं पाणी जनावर पीत नाही, म्हणून निघायच्या आधी आठवडाभर रोजच्या पाण्यात गुळाचा एक लहान खडा विरघळवा आणि तिथेही तेच करा. परत आल्यावर तीन-चार आठवडे कालवडीला म्हशींपासून लांब बांधा, वेगळी बादली, वेगळा माणूस.

गोऱ्ह्याचं मी फारसं बोलले नाही. यंदा त्याला न्यायचा हट्ट करू नका. त्याला चालायला शिकवा, एवढंच. पुढच्या वर्षी बघू.

आणि अर्जावर "हाताळणारा" असा रकाना असेल किंवा नसेल, पोरीचं पूर्ण नाव लिहा, तिच्या आईनं सांगितलेल्या पद्धतीनं. उद्या चहाला जाल तेव्हा टेप बरोबर न्या. पहिलं माप तिच्याकडूनच घेऊन मला कळवा.